वाचक विचारतात: उद्दिष्टं तीन, आकडे धूसर, मग निर्णय घ्यायचा कसा?

मागच्या अंकात फजी लॉजिकची थोडक्यात ओळख करून दिली होती, म्हणजे एखादी गोष्ट 'आहे' किंवा 'नाही' असं दोनच खात्यांत न टाकता ती ० ते १ च्या मध्ये किती प्रमाणात आहे ते मांडायचं. त्यावर बरेच प्रश्न आले, आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता की हे निर्णय घेताना वापरायचं कसं. म्हणून यावेळी फक्त त्याच प्रश्नांना उत्तरं देतोय.

प्रश्न: मी एका कारखान्यात पर्चेसला आहे. एका पार्टसाठी तीन सप्लायर आहेत. रेट कमी पाहिजे, डिलिव्हरी लवकर पाहिजे, रिजेक्शन कमी पाहिजे, आणि तिन्ही एकदम कुणाकडेच नाही. आम्ही आजवर प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क देऊन बेरीज करत आलो. फजी लॉजिकने यात नेमका काय फरक पडतो?

खूप फरक पडतो, पण तो लोकांना वाटतो तिथे पडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मार्क देणं थांबवा. दहापैकी सात म्हणजे काय हे देणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही आणि पुढच्या महिन्यात त्याच गोष्टीला तोच माणूस सहा देतो. त्याऐवजी प्रत्येक उद्दिष्टासाठी दोन आकडे ठरवा. एक, इथपर्यंत असेल तर आमची काहीच तक्रार नाही. दुसरा, याच्या पलीकडे असेल तर चर्चाच नको. समजा डिलिव्हरीला १० दिवसांपर्यंत पूर्ण समाधान म्हणजे १, आणि २० दिवस झाले की ०, मधे सरळ उतरती रेघ. रिजेक्शनला १ टक्क्यापर्यंत १ आणि ४ टक्क्यांना ०. रेटला सध्याच्या रेटला १०० धरू, तिथे १, आणि १२० ला ०. ही जी उतरती रेघ आहे ना तिलाच मेंबरशिप फंक्शन म्हणतात, नावाने घाबरून जायचं कारण नाही.

आता तीन सप्लायर घेऊ. अ चा रेट १०२, डिलिव्हरी १२ दिवस, रिजेक्शन ३.४ टक्के. ब चा रेट ११०, १४ दिवस, २.२ टक्के. क चा रेट ११६, १० दिवस, १.३ टक्के. रेघेवर बसवलं की अ ला मिळतात ०.९, ०.८, ०.२. ब ला ०.५, ०.६, ०.६. आणि क ला ०.२, १, ०.९.

सरासरी काढली तर क पहिला (०.७०), मग अ (०.६३), आणि ब शेवटचा (०.५७). तुमची आजवरची बेरजेची पद्धत हेच सांगत आली असणार. आता दुसऱ्या नियमाने बघा. प्रत्येक सप्लायरचा सगळ्यात कमी आकडा घ्या, आणि ज्याचा हा सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त तो निवडा. अ चा ०.२, क चा ०.२, ब चा ०.५. म्हणजे जो शेवटी होता तो एकदम पहिला! आणि तिन्ही गुणून बघितलं तर ब आणि क दोघांचेही बरोबर ०.१८ येतात, म्हणजे बरोबरी.

आकडे तेच, सप्लायर तेच, फक्त एकत्र करायची रीत बदलली आणि निकाल उलटा झाला. सरासरी म्हणते एका बाजूची कमी दुसऱ्या बाजूने भरून काढता येते, रिजेक्शन भरपूर असलं तरी चालेल कारण स्वस्त पडतंय. किमान आकड्याचा नियम म्हणतो नाही, कुठलंही एक उद्दिष्ट पडलं तर बाकीच्यांचा काही उपयोग नाही. यातलं कुठलं खरं हे गणित सांगू शकत नाही, ते तुमच्या कामावर आहे. त्या पार्टचं रिजेक्शन वाढलं की पुढची लाइन बंद पडत असेल तर भरपाई कसली आणि काय, तिथे किमानच धरायला हवं. पण खराब पार्ट लगेच लक्षात येऊन बाजूला काढता येत असेल तर सरासरी अगदी योग्य आहे.

किमान आकड्याची ही रीत गणितज्ञ रिचर्ड बेलमन आणि फजी संचांची कल्पना मांडणारे लोत्फी झादे यांच्या १९७० च्या पेपरमधून आली. त्यांनी सांगितलं की ध्येय आणि बंधन दोन्ही एकाच प्रकारे मांडा, दोन्ही फजी संच (ज्यात एखादी गोष्ट ० ते १ मधल्या प्रमाणात असते असा संच), आणि निर्णय म्हणजे या सगळ्यांचा छेद, म्हणजेच प्रत्येक पर्यायाचा सगळ्यात कमी आकडा. त्यानंतर झिमरमन आणि झिस्नो यांनी १९८० मध्ये प्रयोग करून दाखवलं की माणसं प्रत्यक्षात अगदी कडक 'आणि' पण वापरत नाहीत आणि अगदी मोकळं 'किंवा' पण नाही, दोन्हीच्या मधे कुठेतरी असतात, आणि त्यासाठी त्यांनी एक मधला ऑपरेटरही (म्हणजे आकडे एकत्र करायची रीत) दिला. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की कुठला नियम वापरायचा हे सप्लायरचे आकडे बघायच्या आधी ठरवा आणि लिहून ठेवा. आकडे बघून नियम निवडला की मग ज्याला जो सप्लायर आवडतो त्याला तो नियम बरोबर वाटायला लागतो.

प्रश्न: वरच्यासारख्या हिशोबात ०.६ आलं म्हणजे ६० टक्के शक्यता असंच ना? मग सरळ प्रोबॅबिलिटी वापरली तर काय बिघडलं?

नाही, आणि हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की प्रत्येक वेळी सांगावा लागतो. समजा माल येऊन गोडाऊनला उतरला, बरोबर १४ दिवसांनी. आता शक्यता वगैरे काही उरली नाही, जे व्हायचं ते झालं. तरीही 'डिलिव्हरी लवकर झाली' हे विधान ०.६ एवढंच खरं आहे. कारण इथे माहितीची कमतरता नव्हतीच, 'लवकर' या शब्दालाच पक्की सीमा नव्हती. याउलट 'माल १४ दिवसांत येईल का' हा प्रश्न शक्यतेचा. तिथे जुन्या ऑर्डरींची नीट नोंद असेल तर खुशाल प्रोबॅबिलिटी वापरा, तीच चांगली.

झादे यांनी १९६५ मध्ये फजी संचांवर पहिला पेपर लिहिला तेव्हापासून हा वाद चालू आहे. डेनिस लिंडले यांच्यासारखे मोठे संख्याशास्त्रज्ञ ठामपणे म्हणायचे की अनिश्चिततेसाठी प्रोबॅबिलिटी पुरते, दुसरं काही लागत नाही. माझ्या मते अनिश्चिततेपुरतं ते बऱ्यापैकी बरोबर आहे पण 'पुरेसं चांगलं' कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हा अनिश्चिततेचा प्रश्नच नाही, आणि निर्णय घेताना अडतं ते नेमकं तिथेच.

प्रश्न: सप्लायर कधीच एक आकडा सांगत नाहीत. 'बारा दिवस धरा, पण अठरा पण लागू शकतात' असं बोलतात. मग रेघेवर कुठला आकडा बसवायचा?

फार चांगला प्रश्न, आणि बहुतेक लोक इथेच मधला आकडा धरून मोकळे होतात आणि सगळी माहिती घालवतात.

समजा हे वरचा अ बोलतोय, तर त्याच्या बोलण्याचा त्रिकोण करा. कमीत कमी १०, बहुधा १२, जास्तीत जास्त १८. बारावर उंची १, दोन्ही टोकांना ०. याला त्रिकोणी फजी संख्या म्हणतात. आता हा त्रिकोण आणि तुमची समाधानाची उतरती रेघ (१० ला १, २० ला ०) एकमेकांवर ठेवा आणि दोन वेगळे प्रश्न विचारा. पहिला, सगळं मनासारखं झालं तर समाधान किती होऊ शकतं? त्रिकोणाची चढती बाजू रेघेला जिथे छेदते ती उंची बघायची, ती येते साधारण ०.८३. दुसरा, वाईटाकडे झुकलं तरी किती समाधान हातात राहतं? त्यासाठी त्रिकोण उलटा करायचा म्हणजे १ मधून वजा करायचा आणि त्याची उजवी बाजू रेघेला कुठे छेदते ते बघायचं, ती छेदते १५ दिवसांवर आणि उंची येते ०.५. पहिल्याला पॉसिबिलिटी म्हणतात आणि दुसऱ्याला नेसेसिटी, यावर पुढे दुबोआ आणि प्राद या दोघांनी खूप काम केलंय.

आता ब कडे बघा. तो म्हणतो १४ दिवस, फार तर एक दिवस इकडेतिकडे. त्याचा त्रिकोण १३, १४, १५. त्याची पॉसिबिलिटी येते ०.६४ आणि नेसेसिटी ०.५५. म्हणजे 'बहुधा' चे आकडे बघितले तर अ चे १२ दिवस ब च्या १४ पेक्षा सरस, पण सावधपणे बघितलं तर ब पुढे जातो, कारण त्याच्या बोलण्याला पसारा कमी आहे. शब्द पाळणाऱ्याला जो भाव मिळायला हवा तो इथे हिशोबातच मिळतो, वेगळं काही जोडावं लागत नाही. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

दोन्ही आकडे शेवटपर्यंत सोबत ठेवा. ज्याला उशीर अजिबात परवडत नाही त्याने नेसेसिटीवर निर्णय घ्यावा, ज्याच्याकडे स्टॉक आहे त्याने थोडं पॉसिबिलिटीकडे झुकलं तरी हरकत नाही.

प्रश्न: तिन्ही उद्दिष्टं सारखी महत्त्वाची नसतात. किमान आकड्याच्या नियमात वेटेज कसं द्यायचं?

आकड्याला वेटेजने गुणू नका, त्याने किमानाचा अर्थच बिघडतो, कमी महत्त्वाचं उद्दिष्ट गुणून छोटं होतं आणि तेच किमान बनून बसतं. रोनाल्ड यागर यांनी १९७० च्या दशकात यावर सोपा उपाय दिला, समाधानाच्या आकड्याला वेटेजचा घात द्यायचा. ० ते १ मधल्या आकड्याला १ पेक्षा मोठा घात दिला की तो अजून लहान होतो म्हणजे उद्दिष्ट कडक होतं, आणि १ पेक्षा छोटा घात दिला की तो मोठा होतो म्हणजे उद्दिष्ट सैल होतं.

वरच्याच उदाहरणात रिजेक्शनला १.५, डिलिव्हरीला १ आणि रेटला ०.५ घात देऊन बघा. अ चा किमान ०.०९ वर येतो म्हणजे तो बादच झाला. ब चा ०.४६ आणि क चा ०.४५. इतका छोटा फरक आला की 'ब जिंकला' असं म्हणू नका. तिथे म्हणायचं की ब आणि क दोघंही घेण्यासारखे आहेत, आता जाऊन प्रत्यक्ष बोला. वेटेज जरासं हलवून बघायचं, १.५ चं १.६ केलं तर काय, १.४ केलं तर काय, आणि नंबर खालीवर होत असतील तर तसं रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहायचं.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट धरणातून पाणी सोडण्याच्या नियोजनावर आहे, साठा, वीज आणि पुरापासून सुरक्षितता अशी तीन उद्दिष्टं. गाइडनी झिमरमनची पद्धत वापर म्हणून सांगितलं. नेमकं करायचं काय?

तुमच्याकडे तीन-चार ठरलेले पर्याय नाहीत, दर महिन्याला किती सोडायचं हे सलग बदलणारे आकडे आहेत, म्हणून पद्धत थोडी वेगळी पण गाभा तोच. झिमरमन यांनी १९७८ मध्ये हे मांडलं. एकेक उद्दिष्ट एकटं घेऊन लिनिअर प्रोग्रॅमिंगने (म्हणजे ठरलेल्या अटी पाळून एक आकडा जास्तीत जास्त किंवा कमीत कमी करायच्या गणिताने) सोडवा आणि त्या त्या वेळी बाकीची दोन किती येतात ते लिहून घ्या. त्याचा तक्ता झाला की प्रत्येक उद्दिष्टाचा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट आकडा मिळतो, त्या दोघांमध्ये सरळ रेघ मारा. मग एक नवीन चल घ्या, त्याला लॅम्डा म्हणतात, आणि अट घाला की तिन्ही उद्दिष्टांचं समाधान लॅम्डापेक्षा कमी नको, आणि हा लॅम्डा जास्तीत जास्त करा. म्हणजे शेवटी एकच उद्दिष्ट उरतं आणि नेहमीच्या सॉल्व्हरने, म्हणजे अशी गणितं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरने, सुटतं.

दोन ठिकाणी सांभाळून. पहिलं, तीन किंवा जास्त उद्दिष्टं असली की तक्त्यातला सगळ्यात वाईट आकडा हा खरा सगळ्यात वाईट असेलच असं नाही, त्यामुळे तो डोळे झाकून रेघेचं शून्य म्हणून धरू नका. पुराच्या बाबतीत तर शून्य कुठे हे धरणाच्या सुरक्षित पातळीवरून ठरलं पाहिजे, कॉम्प्युटरच्या तक्त्यावरून नाही. आणि जी पातळी ओलांडायचीच नाही ती फजी करूच नका, ती पक्की अट म्हणून ठेवा. प्रत्येक गोष्ट धूसर करायची हौस इथे धोक्याची आहे, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. दुसरं, लॅम्डा जास्तीत जास्त करणारी उत्तरं अनेक असू शकतात आणि सॉल्व्हर त्यातलं कुठलंही एक देतो, मग असं होतं की साठा आणि सुरक्षितता आहे तेवढीच ठेवून वीज अजून वाढवता आली असती पण आपण ती सोडून दिली. म्हणून दुसरी फेरी करा, मिळालेला लॅम्डा खाली जाऊ द्यायचा नाही अशी अट ठेवून समाधानांची बेरीज वाढवा. व्हायव्हाला याबद्दल विचारतातच.

प्रश्न: आमच्या टीममध्ये रेघ कुठून कुठे मारायची यावरच भांडणं होतात. प्रॉडक्शन म्हणतं १२ दिवसांनंतर सगळं संपलं, अकाउंट्स म्हणतं २५ दिवस पण चालेल. सरासरी काढायची का?

नको, निदान लगेच तरी नको. प्रत्येकाला वेगळं बसवून तेच दोन प्रश्न विचारा, किती दिवसांपर्यंत तुम्ही काहीही न बोलता सही कराल आणि किती दिवसांनंतर फाइल परत पाठवाल, आणि त्यांच्या दोन्ही रेघा जशाच्या तशा ठेवून हिशोब दोनदा करा. कितीतरी वेळा दोन्ही रेघांनी तोच सप्लायर वर येतो आणि भांडण होतं ते निष्कारणच असतं. निकाल वेगळा आला तर मात्र भांडण खरं आहे आणि ते सोडवायचं काम वरिष्ठांचं, फॉर्म्युल्याचं नाही. रेघेतच अनिश्चितता मांडणारे टाइप टू फजी संच पण असतात, झादे यांनीच १९७५ मध्ये सुचवलेले, पण दोन विभागांच्या मतभेदासाठी तिथवर जायची गरज नाही.

प्रश्न: वॉशिंग मशीनमध्ये फजी लॉजिक असतं, मेट्रोत असतं, मग निर्णयांच्या बाबतीत लोक इतके साशंक का?

कारण ती दोन कामं वेगळी आहेत. १९७० च्या दशकात मामदानी आणि अॅसिलियन यांनी छोटं स्टीम इंजिन फजी नियमांनी चालवून दाखवलं, १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाईची मेट्रो फजी कंट्रोलवर धावायला लागली. पण तिथे चूक झाली की पुढच्या क्षणी सेन्सर सांगतो आणि नियंत्रण लगेच सुधारतं, त्यामुळे रेघ जरा इकडेतिकडे मारली तरी फार बिघडत नाही. सप्लायर वर्षाच्या करारावर एकदा निवडला की 'चुकलं' हे कळायलाच सहा महिने जातात. म्हणून इथे रेघा मारताना जास्त काळजी, आणि त्या हलवून बघणं तर सक्तीचंच.

प्रश्न: एमबीएच्या प्रबंधासाठी फजी एएचपी घ्यावं का? सगळे घेतात.

सगळे घेतात हे कारण सोडून दुसरं कारण असेल तर घ्या. एएचपी म्हणजे निकषांच्या दोन-दोनच्या जोड्यांची तुलना करून त्यांचं वेटेज काढायची पद्धत. ती ज्यांनी काढली त्या थॉमस साटी यांचाच तिला फजी करायला विरोध होता. त्यांचं म्हणणं असं की जोड्या लावून १ ते ९ मध्ये दिलेल्या तुलना मुळातच अंदाजे असतात, त्यांना अजून धूसर करून उत्तर सुधारेलच असं नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं, निदान जिथे पाच-सहा निकष आणि दोन-तीन तज्ज्ञ आहेत तिथे तरी.

तरीही गाइडचा आग्रह असेल आणि चांग यांची १९९६ ची एक्स्टेंट अॅनालिसिस पद्धत वापरणार असाल तर शेवटी आलेली वेटेज नीट बघा. त्या पद्धतीत एखाद्या निकषाला चक्क शून्य वेटेज येऊ शकतं, तज्ज्ञांनी त्याला थोडं का होईना महत्त्व दिलेलं असताना. शून्य आलं की तो निकष हिशोबातून गायबच होतो आणि कितीतरी प्रबंधांत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तसं झालं तर ती वेटेज तशीच पुढे नेऊ नका, तुलनांच्या मधल्या आकड्यांवरून साधी एएचपी करून वेटेज काढा, दोन्ही शेजारी ठेवा, आणि कुठली का वापरली ते प्रबंधात लिहा.